थंड ब्रेक

बसा रे सगळे. ती गाडी बंद कर आधी, आणि किल्ली इकडे दे. हो, माझ्याकडेच. उद्या सकाळी परत मिळेल.

मला कळतं. रस्ता संध्याकाळीच बंद केलाय, वर चिटपाखरू नाही, पहिल्यांदा भाग घेताय, हात शिवशिवतायत. "काका, एकच फेरी मारून येतो, गुपचूप." तुमच्यासारखे दरवर्षी भेटतात. बॉनेटवर स्टिकर चिकटवताना रेष वाकडी गेली तर रडवेले होतात, आणि टायरमध्ये हवा किती आहे विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी या चढाच्या शर्यतीला टोचनची गाडी घेऊन येतो ते तुम्ही शाळेत होता तेव्हापासून. कोणी रस्ता सोडून खाली गेला की त्याला वर ओढायचं, एवढंच माझं काम. आदल्या रात्री मी इथंच गाडीत झोपतो. म्हणून सांगतोय, रात्री वर कोणी जायचं नाही. का ते ऐका. थर्मासमध्ये अजून चहा आहे, घ्या. आणि तू, तो दिवा जरा खाली कर, डोळ्यांवर येतोय.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मित्राची आहे. तो अजून आहे, हवं तर विचारा त्याला. पण तो सांगणार नाही.

झालं काय, माझ्या टोचनचा हूक वाकला होता. एका लेथवाल्याचा पत्ता कोणीतरी दिला, म्हणून एका रविवारी दुपारी जेवून त्याच्याकडे गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लांबट शेड. दारातच लेथ, भिंतीला टेकवलेल्या सळ्या, जमिनीवर लोखंडाचा चुरा, आणि मधोमध जॅकवर चढवलेली एक छोटी घरगुती गाडी. मी आत पाऊल टाकलं तर गाडीखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला. "तेरा नंबर द्या." समोर पाने पडले होते, मी एक उचलून दिला. खालून आवाज आला, "हा बारा आहे. मिस्त्री, डोळे तपासून घ्या." तिकडे लेथवरून मिस्त्री म्हणाला, "साहेब, मी इथं आहे. तो बिचारा गिऱ्हाईक आहे." आणि गाडीखालून एक मुलगी सरपटत बाहेर आली, कपाळभर ग्रीस, आणि मला बघून असं हसली की मीच ओशाळलो.

लेक होती त्याची. एकुलती एक. रविवार सोडून दिवसा औषधांच्या दुकानात उभी राहायची, संध्याकाळी घरी जाऊन कपडे बदलले की थेट शेडमध्ये. घरात ती त्याला बाबा म्हणायची. शेडमध्ये आली की तो मिस्त्री आणि ती साहेब. तो ओरडायचा, "साहेब, चहा सांगा." ती ओरडायची, "आधी काम दाखवा." माझा हूक सरळ व्हायला अर्धा तास पुरला असता, मी तिन्हीसांजेपर्यंत तिथं बसून राहिलो. पुढं तर काही मोडलं नसलं तरी जायला लागलो.

गाडी घरचीच. जुनी, चार दारांची, भाजी आणायला घेतलेली. आठवडाभर लेक तिच्यातूनच कामावर जायची, वहिनींना, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोला, दवाखान्यात न्यायला तीच. शर्यत जवळ आली की बापलेक मिळून मागची आणि शेजारची सीट काढायचे, गालिचा काढायचे, दारांची अस्तरं काढायचे. वजन कमी. शर्यत झाली की पुन्हा सगळं जागच्या जागी. पण आत वेल्ड केलेला तो पोलादी पिंजरा, तुमच्या गाडीत आहे ना तसा, तो कसा निघणार? मग वहिनी नात्यातल्या लग्नाला त्या पिंजऱ्यातून वाकून वाकून उतरायच्या. "आतून वाघ निघतोय का बघायला लोक थांबतात," म्हणायच्या. तोंडानं बडबड चालू, पण शर्यतीच्या दिवशी दोरीला चिकटून सगळ्यात पुढं त्याच उभ्या असायच्या.

मिस्त्रीला स्वतःला गाडी पळवता यायची नाही. तो चालवायला बसला की मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. पण लेक काय म्हणते ते त्याला नेमकं कळायचं. ती घाटात एक चक्कर मारून यायची आणि म्हणायची, "मिस्त्री, वळताना पुढचं नाक उशिरा येतंय." तो नुसती मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी नाक वेळेवर. असं गुळपीठ मी कुठल्या बापलेकीत पाहिलं नाही.

पहिल्या वर्षी ती हौशी गटात शेवटून दुसरी आली. दोघांनी मला पेढे दिल्यासारखं ते सांगितलं. पुढच्या वर्षी मधे कुठंतरी. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र तिनं मनावर घेतलं. आणि तिनं घेतलं म्हटल्यावर त्यानंही घेतलं.

त्यानं तिच्यासाठी सगळ्यात चांगले ब्रेक पॅड आणले. साधे नव्हेत. खऱ्या रेसचे, ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांचे. दुकानदार म्हणाला, यापेक्षा भारी काही मिळणार नाही. तो खोटं बोलला नाही. पण ते पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. ट्रॅकवर एक-दोन फेऱ्यांत तापतात, मग त्यांच्यासारखे तेच. आणि आपली शर्यत कशी असते? रांगेत उभं राहायचं, गाडी गार. झेंडा पडला की सुटायचं. ही खालची लांब सरळ चढण, तिच्यावर ब्रेकला पाय लागतच नाही. ती संपली की टाकीचं वळण. पहिला मोठा ब्रेक तिथं. म्हणजे गाडी पूर्ण वेगात, आणि पॅड थंडगार.

आज हे कोणीही सांगेल. तेव्हा इथं सगळेच हौशी, कोणी कोणाला सांगायचं? ज्याला परवडायचे तो रेसचे पॅड लावायचा आणि चाकातून ते दिसावेत म्हणून गाडी तिरकी उभी करायचा.

सरावाच्या दिवशी कडक ऊन होतं. ती एकामागून एक वर जात होती, येत होती, पॅड चांगले तापलेले. खाली येऊन बापाला म्हणाली, "मिस्त्री, काय थांबते हो! भिंत लावलीत तुम्ही पुढं." तो दिवसभर ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरला. मलाच दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी धुकं पडलं. शर्यत थांबवली. गाड्या रांगेत उभ्या, हातावर हात चोळत माणसं उभी. बऱ्याच वेळानं जरा विरळ झालं, तेव्हा सोडायला लागले. तिचा नंबर आला. मिस्त्री आणि वहिनी इथंच, सुरुवातीच्या रेषेजवळ उभे होते. मी माझ्या गाडीत. झेंडा पडला, गाडी गेली, धुक्यात दिसेनाशी झाली. नुसते गिअर ऐकू येत होते. दुसरा. तिसरा. चौथा. आणि मग गिअर उतरवल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही.

वळणाच्या खाली पाण्याची जुनी टाकी आहे. गाडी तिच्यावर गेली होती. ओढायला मीच गेलो. ते काही मी तुम्हाला सांगणार नाही.

चौकशी झाली. वळणावरच्या झेंडेवाल्याला धुक्यात काही दिसलं नव्हतं. रस्ता ओला, टायरचे व्रण नाहीत. पुढच्या चाकांचा भुगा झालेला, ब्रेक तपासायला उरलेच नव्हते. शेवटी त्यांनी ठरवलं, वेग जास्त होता आणि ब्रेक उशिरा लागला. चालकाची चूक. झालं.

पॅडचं मिस्त्रीला पुढं कित्येक महिन्यांनी कळलं. शेडमध्ये आलेला कोणी गिऱ्हाईक सहज बोलून गेला, असे पॅड गार असताना धरत नाहीत म्हणून. मी तिथंच होतो. मिस्त्रीनं लेथ बंद केला आणि हात पुसत राहिला. पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच होता.

तेव्हापासून त्या माणसाचं जगणं अवघड झालं. चूक तिची म्हणावी, तर त्याची जीभ रेटेना. चूक पॅडची म्हणावी, तर मग… पुढचं वाक्य तो कधी पुरं करायचा नाही. मी म्हणायचो, "अरे, तुझ्या हातात काय होतं?" तर म्हणायचा, "माझ्याच हातात होतं. पाना माझ्याच हातात होता." त्याला एवढंच हवं होतं, की नक्की काय झालं ते कळावं. पोरीनं ब्रेक लावला होता की नव्हता. बाकी काही नको. जेवण नको, झोप नको.

मग त्यानं गाडी घेतली. तशीच. तेच मॉडेल, तेवढीच जुनी. पुन्हा सगळं उतरवलं, पिंजरा वेल्ड केला, इंजिनचं काम केलं, सगळं तिच्या गाडीसारखं. पॅडसुद्धा त्याच दुकानातून तेच. वहिनी मला म्हणाल्या, "कामात असतात ते बरंय भाऊजी. नाहीतर घरात भिंतीकडे बघत बसतात." आणि तयार झाल्यावर त्यानं हौशी गटात स्वतःचं नाव दिलं. या वयात! पोरं हसली. "आजोबा, जपून हां, पाठीत उसण भरेल." तोही हसला. आम्हा सगळ्यांना वाटलं, लेकीच्या आठवणीसाठी करतोय. माणसं करतात असं.

आता नीट ऐका.

शनिवारची रात्र होती. शर्यतीच्या आदली, आजच्यासारखीच. अमावास्या दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे चंद्राचं नाव नाही. दहा-साडेदहापर्यंत इथं ठोकाठोकी चालू होती, मग एकेक दिवा विझला. मिस्त्री आपल्या गाडीशेजारी खाटेवर पडला होता. मला म्हणाला, "झोप तू." मी झोपलो.

दीड वाजता जाग आली. इंजिनच्या आवाजानं.

तो आवाज मी ओळखला, आणि खोटं कशाला सांगू, अंगावर सरसरून काटा आला. लेकीच्या गाडीचा आवाज. मग डोकं ठिकाणावर आलं. त्यानं तशीच बांधली होती ना, आवाज तसाच येणार. मी काच खाली करतो तोवर तो अडथळा बाजूला सारून निघालासुद्धा. मागचे दोन लाल दिवे चढणीला लागले. सायकलवाले ज्याला मागं टाकायचे तो माणूस. सुसाट.

मी ऐकत राहिलो.

दुसरा.

तिसरा.

चौथा.

आणि मग… काही नाही.

धडकल्याचा आवाज नाही. काचेचा नाही. इंजिनचाही नाही.

मी माझी गाडी सुरू केली आणि दिवे लावून निघालो. वर जाताना मनात एकच. पुन्हा नको रे. पुन्हा मला ओढायला लावू नकोस.

वळणावर माझा उजेड पडला. गाडी उभी होती. तिरकी नाही, फिरलेली नाही. सरळ उभी. पुढची दोन्ही चाकं डांबर सोडून मातीत. चाकांपुढं हातभर जमीन. त्याच्या पुढं काही नाही. खाली टाकी.

मी हाक मारली.

काचेवर थाप मारली.

दार उघडलं. आत तो होता. पट्टे बांधलेले, डोक्यावर हेल्मेट, हात मांडीवर. माझ्याकडे बघेना. शेजारी बघत होता. मीही बघितलं. शेजारी काय असणार? तिकडची सीट वजनापायी काढलेली. नुसता अंधार.

सवय असते हाताला. मी खाली वाकून पुढच्या चाकाला हात लावला. एवढ्या वेगातली गाडी थांबली की ब्रेक असा तापतो, बोट चिकटेल. जळका वास सुटतो. वास नव्हता. मी चाकाच्या आत बोटं घातली.

गार.

रात्रभर दवात उभ्या असलेल्या गाडीचं असतं तसं गार.

त्याला कसाबसा माझ्या गाडीत आणून बसवला. चहा दिला. तो कप धरून बसला, प्यायला नाही. मग बोलायला लागला. तो जसा बोलला तसंच सांगतो, पदरचं काही नाही.

"उद्याच करणार होतो," तो म्हणाला. "पण उद्या बायको खाली उभी असेल. तिला पुन्हा तिथं उभं करायचं… म्हणून आज."

"काय करणार होतास?"

"साहेब गेले तसं जायचं. ब्रेक गार. तोच वेग. टाकी दिसली की पाय द्यायचा. थांबली, तर तिचा उशीर झाला. नाही थांबली…"

"नाही थांबली तर काय?"

"तर कळलं असतं ना."

मला त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही.

"टाकी दिसली," तो म्हणाला. "पाय दिला. दगड रे… पेडल नुसता दगड. सगळा जोर लावला. गाडी ऐकेना. तिनं लावला होता ब्रेक. वेळेवर लावला होता माझ्या पोरीनं. तिची काही चूक नव्हती."

आणि तो रडला. मोठ्यानं. तिला नेलं त्या दिवशीसुद्धा तो असा रडला नव्हता.

"झालं ना मग," मी म्हटलं. "कळलं ना? मग थांबवलीस कशी?"

त्यानं कप खाली ठेवला.

"अरे, ब्रेक लागेना म्हणतोस, गाडी तर उभी आहे. कशी थांबवलीस?"

"मी… पाय काढून घेतला."

"काय?"

"कळलं होतं. आणखी काय करायचं होतं मला? … पाय काढला. हात सोडले. डोळे मिटले."

…

"आणि?"

"आणि गाडी थांबली."

बाहेर अजिबात वारा नव्हता. मी विचारलं, "कशी?"

"शेजारी…"

"शेजारी काय?"

"श्वास. हेल्मेटमधून येतो तसा. … धाप. जड काही ढकलल्यावर लागते ना… तशी धाप."

"बोललं काही?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मी विचारलं. साहेब? … मग म्हटलं, बाळा? … पॅडच ना गं?"

"मग?"

"धाप कमी होत गेली."

…

"हळूहळू. … मग नव्हती."

आम्ही उजाडेपर्यंत तसेच बसलो. मी त्याला काही समजावलं नाही. मनाचे खेळ असतात, घाबरलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं, हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण माझी बोटं अजून गार होती.

फटफटलं तसं मी त्याची गाडी टोचन लावून खाली आणली, आणि तो नाव काढून घ्यायला गेला. "मी नाही धावत," म्हणाला. गाड्या तपासणारा माणूस आला, दारावरचा नंबर सोलून घ्यायला. शेजारच्या बाजूचं दार त्यानं उघडलं, आणि तसाच वाकून राहिला.

"अहो, हे काय झालं?"

मी जाऊन बघितलं. तिकडच्या तळाला, जिथं शेजारी बसणाऱ्याचे पाय येतात तिथं, पत्रा खाली बसला होता. एकाच जागी. बुटाएवढा. पुढं चवडा, मागं टाच, टाचेकडे खोल. तो पत्रा मिस्त्रीनं स्वतः नवा टाकलेला, चांगला जाड. आदल्या दुपारी याच तपासणाऱ्यानं त्याच्यावरून हात फिरवला होता आणि "छान काम" म्हणाला होता. सपाट होता तेव्हा. मी माझा बूट ठेवला त्याच्या शेजारी आणि सगळा भार टाकला. माझं वजन बघताय ना? पत्रा हलला नाही. आणि त्या खड्ड्यातला रंग… रंगाला चीरसुद्धा नव्हती.

तू मघाशी याच्या शेजारी बसून आलास ना? यानं गाडी अंगात आल्यासारखी वळणात घातली, तेव्हा तुझा पाय कुठं होता? तिकडं ब्रेक असतो का? नसतो. तरी दाबतोच ना माणूस, जिवाच्या आकांतानं.

मिस्त्री तिथंच, दाराशी, जमिनीवर बसला.

तेवढ्यात वहिनी आल्या. पहिल्या एसटीनं आल्या होत्या, हातात डब्याची पिशवी. काय झालं म्हणून आत वाकल्या. बघितलं. पिशवी खाली ठेवली आणि त्या खड्ड्यात तळवा ठेवून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "रात्री गेला होतात?"

तो खाली बघून हो म्हणाला.

मला वाटलं आता आकांत होईल. झाला नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले, त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं, आणि लहान पोराला रागावतात तशा आवाजात म्हणाल्या, "चला घरी. अजून किती दमवणार आहात तिला?"

तो उठला आणि गेला. त्यानंतर टाकीच्या वळणाकडे तो कधी फिरकला नाही. शर्यतीच्या सकाळी मात्र येतो, रांगेतल्या नव्या पोरांच्या चाकांशी वाकून पॅड कुठले लावलेत ते विचारतो. उद्याही येईल. नीट उत्तर द्या त्याला.

गाडी शेडमध्ये लेथच्या मागं उभी आहे. बाकीचं सगळं त्यानं सोडवून विकलं, इंजिन, सीट, चाकंसुद्धा. मागं एका पत्र्याच्या कामवाल्यानं सहज म्हटलं होतं, काका, खालून दोन ठोके मारले की सपाट होईल. मिस्त्रीनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तो खड्डा तसाच आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा बघितला, अजून एवढासाही गंज धरलेला नाही.